उर्फ

नोंदणी कार्यालयाच्या कंपाउंडला लागून टायपिंगवाल्यांची टेबलं असतात. वर निळी ताडपत्री, खाली डिंकाच्या बाटलीचा, ओल्या फायलींचा आणि तापलेल्या प्रिंटरचा मिळून एक वास. तिथल्या एका टेबलाशी कानावर पडलेला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. चाळिशीच्या आसपासची एक बाई समोर बसली होती. मांडीवर प्लास्टिकची फाईल, पर्समधून डोकावणारा विमानाचा बोर्डिंग पास, चेहऱ्यावर तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या माणसाची घाई. लग्न परदेशात झालेलं, इथं वडील गेलेले, वारस नोंद करायची होती, त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. टायपिंगवाल्यानं नेहमीचा मजकूर उघडला, ‘मी खाली सही करणार’ इथपर्यंत आला आणि मान वर न करता विचारलं, “मॅडम, नाव काय टाकू?” बाईंनी फाईल उघडली आणि विचारलं, “कशावरचं?” तो हसला नाही की चमकला नाही. “सगळे ठेवा इथं,” म्हणाला. मग टेबलावर एकेक कागद आला. शाळा सोडल्याचा दाखला, परदेशातलं ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, पॅन, जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट. सहा कागद आणि चार नावं.

मराठीत नावाला जोडून येणारी क्रियापदं एकदा मांडून बघावीत. नाव ठेवतात ते बारशाला, आणि ‘नावं ठेवतात’ ते जन्मभर. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावतात. माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी करतात, सासरच्या कार्डात चढवतात, आणि त्यासाठी ‘नाव कमी केल्याचा दाखला’ नावाचा एक खरोखरचा कागद असतो. आपल्या कित्येक आज्यांचं तर पहिलं नावही लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, ते पेढ्याबरोबर सगळ्यांना सांगायचं, आणि मग ते तांदूळ पुन्हा गोळा करायचे. बोटभर रेघांचं ते लिखाण मिनिटभरात पुसलं जायचं तरी नाव मात्र मरेपर्यंत टिकायचं, कारण ते विचारणारी माणसं त्याच आळीतली असायची. ‘ही कोण?’ याचं उत्तर द्यायला कागद लागत नव्हता. परदेशात झालेल्या लग्नाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथं कागद पहिल्या दिवसापासून आहे आणि तो पक्का आहे, पण तो वाचून ‘हो, हीच ती’ म्हणणारं माणूस समुद्राच्या या बाजूला बसलेलं नाही.

बाहेरच्या जगाला आपल्या नावाची बांधणी कळत नाही, हे त्यातलं मूळ दुखणं. मीरा माधव कुलकर्णी. तीन शब्द, त्यातला पहिला तिचा, दुसरा वडिलांचा, तिसरा घराण्याचा. लग्नानंतर आपल्याकडच्या रीतीनं ती होते मीरा समीर देशमुख. म्हणजे तीनातले दोन शब्द बदलले. भारतीय पासपोर्टात मात्र रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. ‘मीरा माधव’ हे सगळं मिळून दिलेलं नाव होतं. विमान कंपनीचं संगणक त्याच्याही पुढे जातं, दोन शब्दांमधली जागा काढून टाकतं, आणि बोर्डिंग पासवर ‘मीरामाधव’ असा सलग शब्द छापून येतो. मुलीचं आणि बापाचं नाव इतकं चिकटलेलं दुसऱ्या कुठल्याच कागदावर दिसणार नाही.

लग्न मान्य होणं सोपं असतं. नाव मान्य होणं अवघड.

हे अनेकांना उलटं वाटतं, म्हणून आधी लग्नाचंच बघू. ज्या देशात लग्न झालं त्या देशाच्या कायद्यानं ते रीतसर झालं असेल, आणि दोघंही लग्नाला पात्र होते, म्हणजे वय, त्या वेळी दुसरं लग्न कायम नसणं, निषिद्ध नातं नसणं या गोष्टी आपल्या कायद्यानंही बरोबर होत्या, तर भारतात आल्यावर ते लग्न परत ‘करावं’ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात लग्नाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, पण ती लग्न जिथं लागलं त्या राज्यात. लग्न न्यू जर्सीत लागलं असेल तर ते आपल्या वॉर्ड ऑफिसच्या हद्दीत कसं नोंदवणार? खिडकीवरचा माणूस ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा करतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. महाराष्ट्राचा १९९८चा विवाह नोंदणी कायदा, तो नमुना ‘ड’ आणि तीन साक्षीदार, हे सगळं इथं लागलेल्या लग्नासाठी आहे.

तरीही हातात भारतीय सरकारचा कागद असावा असं ज्यांना वाटतं, त्यांना दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींची वेळ वेगळी. पहिला, परदेशात असतानाच. १९६९च्या विदेशी विवाह अधिनियमाचं कलम १७ सांगतं की दोघांपैकी किमान एक भारतीय नागरिक असेल, तर तिथल्या कायद्यानं झालेलं लग्न भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवता येतं. नोंद झाली की ते लग्न त्या कायद्याखालीच लागलं असं धरलं जातं. दुसरा रस्ता इथं आल्यावरचा, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याचं कलम १५. अर्जाच्या आधी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहणं, दोघांचंही वय २१ पूर्ण, मग जाहीर नोटीस, हरकतींसाठी आणखी ३० दिवस, शेवटी तीन साक्षीदारांच्या सह्या. साधा हिशेब केला तरी दोन महिने. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, आणि दरवर्षी कितीतरी जोडपी नेमकं हेच बसवायला जातात. जे वकिलातीत बसून झालं असतं ते इथं रांगेत उभं राहून होत नाही, हे बहुधा परतीच्या विमानात कळतं.

बाकीच्यांसाठी तिथला दाखला आणि त्यावरचं अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, पुरतं. अपोस्टिल हा शब्द आता आपल्याकडच्या एजंटांच्या पाट्यांवर ‘आपोस्टील’पासून ‘अपोस्टाईल’पर्यंत सगळ्या रूपांत दिसतो. वस्तू छोटी आहे. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारात तिचा नमुनाच घालून दिलाय. किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, वर फ्रेंच शीर्षक, खाली १० क्रमांकित ओळी. कोणता देश, सही कोणाची, तो कोणत्या हुद्द्यावर, शिक्का कोणाचा. मग कुठे, कधी, कोणी प्रमाणित केलं, क्रमांक, शिक्का, सही. बस. आपल्याकडे हा करार १४ जुलै २००५पासून लागू आहे. त्या दहा ओळी नीट वाचल्या की लक्षात येतं की त्यात लग्नाबद्दल एक अक्षर नाही. अपोस्टिल एवढंच म्हणतं की खालच्या दाखल्यावरची सही खरोखर त्या कारकुनाची आहे. नवरा-बायको खरे की खोटे, नाव बरोबर की चूक, याची जबाबदारी त्या चौकोनाची नाही. एवढा पैसा आणि वेळ घालवून आपण एका अनोळखी कारकुनाच्या सहीची खात्री करून घेतो.

इथं एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अपोस्टिलचा कागद दाखल्याला स्टेपल करून किंवा पितळी रिंग ठोकून देतात. झेरॉक्सच्या दुकानात तो कागद दिला की मुलगा काय करतो? नखानं पिन उचकटतो, दोन कागद सुटे करतो, काचेवर सपाट ठेवतो, दोन सुंदर प्रती काढतो आणि परत पिन मारून देतो. कोपऱ्यात आता दोन भोकांच्या जागी चार. अधिकाऱ्यानं तो कोपरा बोटानं चाचपला की संपलं, कारण सुटं केलेलं अपोस्टिल कशाला जोडलेलं होतं हे कोण सांगणार. म्हणून पान दुमडून प्रत काढायची, कोपरा काळा आला तरी चालेल, आणि कागद दुकानदाराच्या हातात देऊन फोनवर बोलायला बाहेर जायचं नाही. ब्रिटनचं कागदी अपोस्टिल दाखल्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं, वर उठावाचा शिक्का. तिथं चूक वेगळी होते, मागची बाजू झेरॉक्स करायचीच राहून जाते.

अपोस्टिल लावायला नेलेला दाखला कोणता, हा त्याच्या आधीचा प्रश्न. समारंभाच्या दिवशी सोनेरी कडांचा, रिबन लावलेला जो कागद हातात मिळतो, तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा असतो. ऑस्ट्रेलियात त्या दिवशी सही केलेलं शोभेचं प्रमाणपत्र सरकारी कामाला चालत नाही. त्या राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाकडून वेगळा दाखला मागवावा लागतो. अमेरिकेत काउंटीकडून प्रमाणित प्रत घ्यायची आणि राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवायची. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी मध्ये काउंटी क्लार्कच्या साक्षांकनाची आणखी एक पायरी. इंग्लंडात ४ मे २०२१पासून लग्नाच्या वेळी रजिस्टरमध्ये नव्हे तर ‘शेड्यूल’वर सह्या होतात, ते नोंदणी कार्यालयात जातं, आणि मग संगणकावरून दाखला निघतो, त्यात आता दोघांच्या आयांचीही नावं येतात. प्रमाणित प्रती तीन-चार एकदमच मागवाव्यात. एक पासपोर्टच्या फायलीत अडकते, एक बँकेत ‘परत देतो’ म्हणून राहते, आणि सात हजार मैलांवरून चौथी मागवायची वेळ येते तेव्हा आजारपण किंवा मृत्यू असलं काहीतरी दारात उभं असतं.

आणि देश कोणता तेही बघावं लागतं. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग भारतीय वकिलातीचं साक्षांकन हा जुना रस्ताच आहे. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर तिनं आक्षेप घेतलेला, त्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. हे माहीत नसलेले लोक सुंदर जर्मन अपोस्टिल घेऊन येतात आणि ते शोभेच्या दाखल्याशेजारी फ्रेममध्ये जातं. कॅनडा तर ११ जानेवारी २०२४ला आत आला, त्यामुळे त्याच्या आधीची आणि नंतरची कॅनडातली लग्नं करून आलेल्या दोन बहिणी एकमेकींना पूर्णपणे चुकीचा सल्ला प्रामाणिकपणे देऊ शकतात.

‘माझ्या नणंदेचं तर असंच झालं होतं,’ या वाक्यानं आपल्याकडे जितक्या फायली बिघडल्या असतील तितक्या नियमांनी बिघडल्या नसतील.

यातलाच एक गोड घोटाळा म्हणजे दोन लग्नं. तिथं कोर्टात किंवा सिटी हॉलमध्ये मंगळवारी दुपारी दोन मित्रांच्या साक्षीनं सह्या झाल्या, व्हिसाचं काम सुरू झालं. मग डिसेंबरात घरच्यांच्या हौसेसाठी इथं कार्यालय, अंतरपाट, मंगलाष्टकं, पंगत. इथवर ठीक. पण कार्यालयाचं बुकिंग करणारा मामा उत्साहानं वॉर्ड ऑफिसात नोंदणीही करून टाकतो आणि दुसरा दाखला निघतो. आता एकाच जोडप्याच्या दोन सरकारांनी दिलेल्या दोन तारखा. दुसऱ्या अर्जात ‘विवाहापूर्वीची स्थिती’ या रकान्यापुढे ‘अविवाहित’ लिहिलेलं, जे त्या दिवशी खरं नव्हतं. वर्षभर काही होत नाही. मग ग्रीन कार्डाची मुलाखत येते, किंवा परदेशी जोडीदाराच्या ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या भारतीय कार्डाचा, अर्ज येतो, ज्यात लग्न नोंदवलेलं असून ते अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, आणि कोणीतरी शांतपणे विचारतं, “यातली खरी तारीख कोणती?” खरी तारीख पहिली. डिसेंबरातला सोहळा होता. त्याचे फोटो लावावेत, व्हिडिओ दहादा बघावा, त्याचा दाखला काढू नये.

आणि काहींसाठी दोन्हींतली एकही तारीख इथं धरली जात नाही. टोरंटोत किंवा लंडनमध्ये रीतसर लग्न केलेले दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मुंबईच्या विमानतळावर उतरल्या की कागदोपत्री मित्र होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १७ ऑक्टोबर २०२३ला जो निकाल दिला त्यात विदेशी विवाह अधिनियमाखालची मागणीही होती. ती मान्य झाली नाही. त्यांच्या दाखल्यावरचं अपोस्टिल मात्र इतरांसारखंच दहा ओळींचं, तितकंच खरं. कारकुनाची सही खरीच असते ना.

नावाकडे येऊ. परदेशी लग्नाचा दाखला आपल्या खिडकीवर ठेवला की हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “पण यात नवीन नाव कुठंय?” बहुतेक दाखल्यांत ते नसतंच. दाखल्यात लग्नाच्या दिवशीची नावं असतात, म्हणजे मीरा माधव कुलकर्णी. ब्रिटनमध्ये तोच दाखला दाखवून बाई नवऱ्याचं आडनाव लावू शकते, बँक, लायसन्स सगळं होतं. पण मधलं नाव? ‘माधव’ काढून ‘समीर’ घालायचं असेल तर विवाहाचा दाखला पुरत नाही, डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचं कायदेशीर घोषणापत्र, करावं लागतं, कारण नवऱ्याचं पहिलं नाव बायकोच्या नावाच्या मध्ये जाऊन बसतं ही कल्पनाच तिथल्या व्यवस्थेत नाही. कॅलिफोर्नियात २००९पासून लग्नाच्या परवान्याच्या अर्जातच नवं नाव लिहिता येतं, मधलंसुद्धा. वाचून बरं वाटतं. पण मधल्या नावासाठी ज्या गोष्टी चालतात त्या सगळ्या आडनावांच्या, म्हणजे दोघांपैकी कोणाचं आताचं किंवा जन्मापासूनचं आडनाव, किंवा स्वतःच्या मधल्या नावाशी त्याची जोड. मीरा कुलकर्णी देशमुख होता येतं. मीरा समीर देशमुख होता येत नाही. आणि परवान्यावर लिहिलं ते लिहिलं. मन बदललं तर कोर्ट. क्वेबेकमध्ये तर १९८१पासून लग्नामुळे नाव बदलतच नाही. दोघांनी आपापलं जन्मनाव घेऊनच संसार करायचा. तिथल्या सुनेला इथली सासू ‘अजून आमचं नाव लावलं नाहीस’ म्हणते, तेव्हा सुनेच्या हट्टाचा तिथं काही संबंध नसतो. सासूबाईंचं भांडण एका दिवाणी संहितेशी असतं.

आपल्याकडे तरी सक्ती आहे का? नाही. लग्न झालं म्हणून बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. आहे ती सवय, आणि तिच्याहून मोठी गोष्ट म्हणजे अर्जांची रचना. ‘पती/पित्याचे नाव’ असा तिरकी रेघ मारलेला रकाना समोर आला की हात आपोआप पतीकडे वळतो, मग तो आधारवर येतो, आणि तेव्हापासून एका बाईच्या दोन बायका होतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आता आईचंही नाव येतं, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार शब्द. ही मुलं मोठी होऊन परदेशी लग्न करतील तेव्हा विमान कंपनीचं संगणक त्यातल्या तीन शब्दांचा एक करेल. तेव्हाच्या टायपिंगवाल्याला माझ्या शुभेच्छा.

नाव बदलायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा, आणि क्रमात पासपोर्ट पहिला. परदेशात राहणाऱ्या भारतीयाची तिथली सगळी ओळख त्याच्यावर टांगलेली असते, व्हिसा, निवास परवाना, नोकरीची नोंद. होतं काय, की तिथलं लायसन्स एका दुपारी नव्या आडनावाचं करून मिळतं, म्हणून लोक आधी ते करतात. मग पगार एका नावानं, पासपोर्ट दुसऱ्या, आणि विमानाचं तिकीट कोणत्या नावानं काढायचं यावर घरात वाद. तिकीट पासपोर्टप्रमाणेच, यात वादाला जागा नाही. पासपोर्टमधलं नाव ‘दुरुस्त’ होत नाही, नवा पासपोर्ट निघतो, क्रमांकही नवा. जुन्यात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला अशी मोट बांधून फिरावं लागतं. २०२५पासून जोडीदाराचं नाव घालायला लग्नाच्या दाखल्याऐवजी परिशिष्ट ‘जे’ चालतं, म्हणजे दोघांचा एकत्र फोटो आणि दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र. इथं थोडं थांबून विचार करावा. पासपोर्टात जोडीदाराच्या नावाची नोंद स्वतःच्या नावापासून वेगळी होतेच. म्हणजे नवऱ्याचं नाव पासपोर्टात यावं यासाठी स्वतःच्या नावातलं काही काढायची गरज नसते. हे आधी कळलं असतं तर अनेकींनी मधला शब्द आहे तसा राहू दिला असता.

स्पेलिंग हा वेगळाच सापळा. वैद्य हे आडनाव ‘व्ही ए आय डी वाय ए’ असंही लिहितात आणि त्यात ‘एच’ घालूनही. क्षीरसागर कोणी दोन ‘ई’ घालून लिहितं, कोणी एका ‘आय’नं. सासरचे तीन भाऊ आपलं आडनाव तीन तऱ्हांनी लिहीत असतील तर सुनेनं नवऱ्याच्या पासपोर्टवरचं अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावं, बैठकीच्या दारावरच्या पाटीवरचं नव्हे.

पॅनचं काम तुलनेनं सुखाचं. क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलतं, आणि लग्नामुळे नाव बदललेल्या बाईसाठी पुराव्यांच्या यादीत लग्नाची पत्रिकासुद्धा आहे! अपोस्टिल, वकिलात, राजपत्र या सगळ्या धामधुमीत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हा कागद सरकारला चालतो हे वाचून मजा वाटते. पण पॅनची दुसरी एक गोष्ट आहे. त्यावर वडिलांचं नाव असतं आणि लग्नानंतरही वडिलांचंच राहतं. विवाहित बाईनं तिथं नवऱ्याचं नाव लिहिलं तर अर्ज परत येतो. सगळ्या कागदांवरून एकेक करून माधव पुसला जातो आणि आयकर खात्याच्या त्या छोट्या कार्डावर तेवढा उरतो. आयकर खात्याकडून माणसानं हळवेपणाची अपेक्षा केलेली नसते.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा ‘आत्ता सासरचं करू, पुढचं पुढे’ म्हणून एक संधी उडवू नये. आधार आणि पॅनवरची नावं जुळली नाहीत तर ती एकमेकांना जोडली जात नाहीत. बँकेत मुळात खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्यायचं राहिलेलं असतं, त्यामुळे नाव बदलायला गेलेली बाई दोन तास निवासाच्या स्थितीबद्दल उत्तरं देत बसते. आणि जिथं कोणताच कागद जुन्या नावाला नव्या नावाशी बांधत नाही, तिथं राजपत्र. महाराष्ट्राचा पत्ता असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन, नाहीतर भारताच्या राजपत्राचा भाग चार. परदेशात राहणाऱ्याला भारताच्या राजपत्रासाठीचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं लागतं. जुनं नाव, नवं नाव, एका ओळीत शेजारी शेजारी. छापलेल्या नावात एक काना चुकला तर शुद्धिपत्रक, आणि पुन्हा वाट बघणं. म्हणून मजकूर पाठवण्याआधी तो मोठ्यानं वाचावा, डोळे फसवतात.

हे सगळं केलेलं नसतं तेव्हा माणसं टायपिंगवाल्याच्या टेबलाशी येतात. त्या बाई तशा आल्या होत्या. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, वारसांत मुलगी. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क १९९४मध्येच मिळाला, देशात २००५मध्ये. हक्काबद्दल वाद नव्हताच. भाऊ शेजारी उभा होता, तिच्यासाठी चहा घेऊन. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, फेरफार पडतो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस. तलाठ्यांचा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, म्हणजे त्यांचंही नाव बदललंच, पण त्यांना प्रतिज्ञापत्र मागायला कोणी जात नाही. बाईंना सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की मयताची मुलगी म्हणून शाळेच्या दाखल्यात जी आहे ती आणि या परदेशी शिक्क्यांच्या पासपोर्टात जी आहे ती, एकच. वडिलांची वारस ठरायला वडिलांचं नाव असलेला सगळ्यात जुना कागद लागत होता. नव्या पासपोर्टच्या नावात ते नव्हतं.

टायपिंगवाल्यानं सहाही कागद पत्त्यांसारखे पसरले. शाळेचा दाखला सर्वांत वर ठेवला. “सुरुवात माहेरच्या नावानं करू,” तो म्हणाला, “तलाठ्याला ते आधी दिसलं पाहिजे. मग बाकीचे.” त्यानं पहिलं नाव टाईप केलं, पुढं ‘उर्फ’, मग आधारवरचं, ‘उर्फ’, लायसन्सवरचं, ‘उर्फ’, पासपोर्टवरचं. ओळ भरली, खाली गेली, दुसरीही भरली. सहीसाठी सोडलेली जागा खाली सरकून दुसऱ्या पानावर गेली. बाई वाकून स्क्रीनकडे बघत होत्या. चार नावं वाचताना त्यांचे ओठ हलत होते, जशी हजेरी घेतात तसे.

“वर्तमान नाव कोणतं ठेवू?” त्यानं विचारलं. म्हणजे सध्या चालू असलेलं.

“पासपोर्टचं.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “यातलं पहिलं ‘उर्फ’ ऱ्हस्व आहे आणि बाकीचे दोन दीर्घ. चालेल का?”

त्यानं चष्मा वर केला, स्क्रीनवर बोट ठेवून तिन्ही उकार मोजले, आणि एकेक दुरुस्त करायला लागला.